साठ लिटरचा दवाखाना

मासा म्हटला की आमच्यासारख्या कारकुनाला आठवतो तो बाजारातला. बोंबील, मांदेली, आणि पगाराच्या दिवशी फार तर पापलेट. काचेच्या पेटीत पोहणारा मासा हा आपला विषय नव्हे, असे आम्ही आजवर समजत होतो. पण गेल्या पावसाळ्यात पाच आजारी माशांनी आमचे तेरा दिवस घेतले, आणि त्या माशांवर आमच्या चाळीतल्या एका घराची चूल अवलंबून होती. म्हणून आजचे हे सदर खाऱ्या पाण्यातल्या आजारी माशांच्या दवाखान्याविषयी. वाचून हसू आले तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या चाळीतला एक मुलगा बारावीला बसला आणि नापास झाला. वडील आजारी, धाकटी बहीण शिकते आहे. पठ्ठ्याने क्रॉफर्ड मार्केटमधल्या शोभेच्या माशांच्या दुकानात सहा वर्षे काढली. तिथे टाक्या धुतल्या, पाणी भरले, मार खाल्ला आणि काम शिकला. आता तो स्वतःच्या हिमतीवर दवाखाने, कचेऱ्या आणि बंगल्यांतल्या चौदा टाक्यांची देखभाल करतो. त्यांतल्या अकरा गोड्या पाण्याच्या आणि तीन खाऱ्या पाण्याच्या. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे महागडे प्रकरण. पैसा जास्त मिळतो, पण एक चूक झाली की तीन महिन्यांची कमाई पाण्यात जाते, अगदी शब्दशः.

त्या शनिवारी रात्री साडेदहाला दारावर थाप पडली. पोरगा घामाघूम. हातात निळ्या औषधाची बाटली.

"काका, अभ्यासिकेची किल्ली द्या. आणि एक कोपरा द्या पंधरा दिवस."

आम्ही म्हटले, "आधी बस. पाणी पी. मग सांग."

हकीकत अशी. एका दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात त्याची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दाताच्या भीतीने रडणारी पोरे मासे बघून गप्प बसतात, म्हणून बाईंनी ती हौसेने ठेवली. २००३ साली आलेल्या सिनेमातला 'निमो' म्हणजे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउन मासा. तसे दोन तिथे होते. तीन छोटे डॅमसेल होते. आठ दिवसांपूर्वी बाई म्हणाल्या, मुलांना 'डोरी' हवी. डोरी म्हणजे निळा टँग मासा. किंमत आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढी. याने दुकानातून आणला आणि थेट मोठ्या टाकीत सोडला. शनिवारी दुपारी एक डॅमसेल मेला. संध्याकाळी टँगच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले. बाईंनी स्पष्ट सांगितले, "मासे गेले तर पैसे तुझ्या बिलातून कापीन, आणि काम दुसऱ्याला देईन."

आम्ही विचारले, "औषध हातात आहे, मग टाकीत का ओतत नाहीस?"

तो म्हणाला, "काका, माझ्या जुन्या शेठने तेच केलं होतं. सगळी टाकी गेली."

या एका वाक्यात या विषयाचे निम्मे शहाणपण आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण आपण ऐकली आहे. इथे तीच गत होते. या पांढऱ्या ठिपक्यांवरचे नेहमीचे औषध म्हणजे तांबे. मात्रेत दिले तर मासा ते सोसतो, पण झिंगे, खेकडे, शंख-शिंपले आणि समुद्रफुले यांना तांबे म्हणजे विष. त्या टाकीत दोन शोभेचे झिंगे आणि शंखात राहणारे खेकडे होते. शिवाय टाकीतली वाळू आणि दगड चुनखडीचे. ते तांबे शोषून घेतात. औषध कमी पडते म्हणून माणूस आणखी ओततो, आणि पुढे तेच तांबे हळूहळू पाण्यात परत उतरते. म्हणून नियम असा, की औषध मोठ्या टाकीत नाही. आजारी मासा बाहेर काढायचा आणि उपचार वेगळ्या भांड्यात करायचा. २०२० साली करोनाच्या दिवसांत आपण सगळ्यांनी 'विलगीकरण' हा शब्द पाठ केला. माशांनाही तेच लागू.

आता हा रोग काय आहे ते थोडक्यात सांगतो. मुलाने वहीच्या पानावर चित्र काढून आम्हांला समजावले, ते कारकुनालाही कळले.

या रोगाच्या किड्याचे नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. तो एकपेशीय असतो, एकटादुकटा नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत तो शिरतो आणि तिथे तीन ते सात दिवस माशाच्या जिवावर वाढतो. आपल्याला दिसणारा मिठाच्या कणासारखा पांढरा ठिपका तो हाच. पोट भरले की तो मासा सोडतो, बहुधा अंधारात, आणि टाकीच्या तळाला, दगडाला, काचेला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात एकाचे शेकडो होतात. कमीत कमी तीन दिवसांनी, कधी कधी कित्येक आठवड्यांनी, कवच फुटते आणि पिल्ले मासा शोधत पोहू लागतात. दोन दिवसांच्या आत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

यात मेख कुठे आहे, ते पाहा. मासा सोडून किडा खाली गेला की ठिपके नाहीसे होतात. मालकाला वाटते, मासा बरा झाला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून तो खूश होतो. आठवड्याने दसपट ठिपके घेऊन रोग परत येतो. औषधसुद्धा कातडीतल्या किड्याला लागत नाही आणि कवचातल्यालाही लागत नाही. लागते ते फक्त मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून दोन दिवस औषध टाकून हा रोग जात नाही.

"मग बाटली कशाला आणलीस?" आम्ही विचारले.

"घाबरून, काका. पण तांबं मोजायचं किट माझ्याकडे नाही, आणि न मोजता तांबं घालायचं नाही. मी टब बदलून करणार. औषधच नको."

ती रीत पुढे सांगतो. आधी रात्रीत दवाखाना कसा उभा केला ते सांगतो, कारण तिथेच माणसाचा वेळ जातो. मासे अडकलेले असताना माणूस काचेची टाकी शोधत फिरतो, दुकाने बंद असतात, आणि सकाळपर्यंत खेळ संपतो. काचेची टाकी लागतच नाही. आमच्या अभ्यासिकेत जे जमले ते असे.

पहिली वस्तू, भांडे. साठ लिटर पाणी मावेल असा प्लॅस्टिकचा नवा टब. मंडळाने सरबतासाठी दोन घेतले होते. ज्यात कधी साबण-सोडा गेला आहे, असे भांडे चालत नाही. साबणाचा अंशही माशाच्या कल्ल्यांना मारतो. तळाला वाळू नाही, दगड नाही, शोभेचे काही नाही. दवाखाना तो, दिवाणखाना नव्हे.

दुसरी वस्तू, पाणी. पालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. वेळ असेल तर पाणी हवा सोडत दिवसभर ठेवावे. वेळ नव्हता, म्हणून त्याने क्लोरीन मारणारे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घातले. आम्ही भाबडेपणाने म्हटले, "दादरच्या चौपाटीवरून चार बादल्या समुद्राचे पाणी का आणत नाहीस? फुकट आहे." तो हसला. शहराचे सांडपाणी त्यात, पावसाळ्यात खारेपणाही पातळ झालेला. ते पाणी म्हणजे आजाऱ्याला गटारात झोपवणे.

तिसरी वस्तू, मीठ. वाचक भगिनींनी इथे लक्ष द्यावे. घरातले खाण्याचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात नुसते मीठ नसते, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे कितीतरी क्षार असतात. त्यासाठी मत्स्यालयाचे खास समुद्री मीठ मिळते. त्याचे पोते पोराकडे होते. मीठ घालून पंपाने पाणी ढवळत ठेवायचे, ते काचेसारखे स्वच्छ झाले पाहिजे. मीठ विरघळत असतानाच मासा सोडला तर तो भाजल्यासारखा तळमळतो.

चौथी वस्तू, हवा. छोटा एअर पंप, नळी आणि बुडबुडे काढणारा दगड. रोग कल्ल्यांत असतो, मासा आधीच धापा टाकत असतो. बाकी एक वेळ कमी असले तरी चालेल, हवा कमी नको.

पाचवी वस्तू, ऊब. पाणी २५ ते २७ अंशांवर स्थिर हवे. दवाखान्यातले एसी दिवसभर चालू आणि रात्री बंद, त्यामुळे तिथले पाणी रोज वरखाली होत असे. मासा अशाने अशक्त होतो आणि रोगाला बळी पडतो. टबात शंभर वॅटचा हीटर लावला. काचेचा हीटर प्लॅस्टिकच्या टबाला टेकू नये म्हणून तो भोके पाडलेल्या जाड पाइपात बसवला. आणि विजेची खबरदारी: खारे पाणी वीज फार चांगली वाहून नेते. पाण्यात हात घालण्याआधी हीटरचे आणि पंपाचे बटण बंद करून प्लग काढायचा. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी जमिनीवर टपकते, प्लगमध्ये शिरत नाही. मासा गेला तर पैसा जातो. माणूस गेला तर घर जाते.

सहावी वस्तू, आडोसा. भित्र्या माशाला लपायला जागा लागते, नाहीतर तो भीतीनेच मरतो, आणि डॅमसेल तर भांडखोर जात. आमच्या प्लंबर शेजाऱ्याकडून पीव्हीसी पाइपचे उरलेले तुकडे आणि एल्बो आणले. स्वच्छ धुतले, टबात टाकले. झाली माशांची खोली.

वर झाकायला डासांची जाळी. मासे उडी मारतात.

आता आमचे काम. आम्ही बी.कॉम., आमचा माशांशी संबंध नाही, पण हिशेबाशी आहे. पोराने दवाखान्यातली टाकी 'दोनशे लिटरची' म्हणून सांगितली. आम्ही मापे विचारली. लांबी १०० सेंटिमीटर, रुंदी ४०, उंची ५०. गुणाकार दोन लाख घन सेंटिमीटर, म्हणजे दोनशे लिटर बरोबर. पण पाणी काठोकाठ असते का? नाही, ४५ सेंटिमीटरपर्यंत. झाले १८०. त्यात दगड आणि वाळूने अडवलेली जागा वजा करा. म्हणजे दोनशेच्या हिशेबाने औषध घातले असते तर मात्रा किती चढली असती? पोरगा आमच्याकडे बघतच राहिला.

म्हणून टबाचे माप आम्ही अंदाजाने घेतले नाही. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार तीन वेळा भरून ओतला, आणि साठ लिटरवर खुणेची रेघ मारली. लिटरला ३६ ग्रॅमच्या हिशेबाने साठ लिटरला २,१६० ग्रॅम मीठ. डबे करणाऱ्या मावशींचा डिजिटल काटा रात्री बारा वाजता मागून आणला. मावशी म्हणाल्या, "माशांना मीठ आत्ताच लावताय होय?" काट्यावर मोजून मीठ घातले, ते विरघळल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने पाहिले. विशिष्ट गुरुत्व १.०२५. समुद्राएवढे. अंदाजाने पसा भरून टाकले असते तर हा आकडा आला नसता.

रविवारी सकाळी आठ वाजता पाच मासे टबात आले.

आता ती बिनऔषधाची रीत. वर सांगितले ते आठवा. किडा माशावर तीन ते सात दिवस राहतो, मग खाली पडतो, आणि कवच फुटायला कमीत कमी तीन दिवस लागतात. म्हणजे कवच फुटण्याच्या आत मासाच तिथून हलवला तर? पिल्ले बाहेर येतील तेव्हा घरात कोणी नाही. दर तीन दिवसांनी मासे नव्या टबात, नव्या पाण्यात न्यायचे. असे चार वेळा. बारा दिवसांत माशावरचा शेवटचा किडासुद्धा कुठल्या ना कुठल्या टबात गळून पडलेला असतो, आणि तो टब मागे राहिलेला असतो.

आमचे वेळापत्रक असे लागले. रविवारी पहिला टब. बुधवारी दुसरा. शनिवारी पुन्हा पहिला, धुऊन वाळवलेला. मंगळवारी पुन्हा दुसरा. आणि शुक्रवारी, तेराव्या दिवशी, निरीक्षणाची स्वच्छ टाकी. वेळ सकाळी सातची. बहात्तर तासांपेक्षा लवकर चालेल, उशीर चालणार नाही. पाच भरण्या, प्रत्येकी साठ लिटर, एकूण तीनशे लिटर पाणी आणि दहा किलो आठशे ग्रॅम मीठ. हा खर्च आम्ही पहिल्याच रात्री मांडून दिला, कारण अर्ध्यावर मीठ संपले तर सगळी मेहनत वाया.

या रीतीत नियम थोडे, पण कडक. नव्या टबाचे पाणी आदल्या रात्रीच तयार ठेवायचे. खारेपणा आणि ऊब जुन्या टबाइतकीच. मासा प्लॅस्टिकच्या डब्याने किंवा चाळणीने उचलायचा, जुने पाणी शक्य तितके निथळायचे. जुना पंपाचा दगड, जुना पाइप, जुनी जाळी, काहीही नव्या टबात जाता कामा नये. प्रत्येक टबाचे सामान वेगळे. रिकामा टब धुऊन गच्चीवर अगदी कोरडा होईपर्यंत वाळवायचा. कोरडेपणात हा किडा जगत नाही. दोन टब एकमेकांपासून दूर, कारण बुडबुड्यांचे तुषारसुद्धा रोग नेतात. ओला हात एका टबातून काढून दुसऱ्यात घालायचा नाही.

आणखी एक शत्रू आहे, तो किड्याहून लवकर मारतो. त्याचे नाव अमोनिया. मासा जे खातो त्याचा मळ पाण्यात अमोनिया होऊन साठतो. जुन्या टाकीत हा अमोनिया खाऊन टाकणारे जिवाणू स्पंजात आणि दगडांत वस्ती करून असतात. ती वस्ती बसायला महिना-सव्वा महिना लागतो. आपला टब कालचा, त्यात ती वस्ती कुठून येणार? बरेच लोक मोठ्या टाकीतला स्पंज उचलून टबात टाकतात. पण मोठी टाकीच रोगट असेल तर त्या स्पंजाबरोबर कवचेही येतात, म्हणजे चोराला घरातच आसरा. टब बदलण्याच्या रीतीत ही अडचण बरीच कमी होते, कारण तिसऱ्या दिवशी पाणीच नवे. तरी रोज किटने अमोनिया पाहायचा, खाणे दिवसातून एकदा आणि चिमूटभर द्यायचे, उरलेले लगेच काढायचे. आकडा अर्ध्या मिलिग्रॅमवर गेला की थोडे पाणी बदलायचे. तेराव्या दिवसाच्या टाकीसाठी त्याने दुसऱ्या एका खाऱ्या टाकीतला स्पंज आणला, जिथे वर्षभरात नवा मासा आलेला नाही.

हे सगळे सरळ पार पडले असे नाही. सोमवारी मंडळाच्या दोन सभासदांनी आम्हांला धरले. "अभ्यासिका मुलांच्या अभ्यासाला की श्रीमंतांच्या माशांना?" प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही सांगितले, मासे श्रीमंतांचे असतील, पण पोरगा आपला आहे. त्याचे काम गेले तर त्याच्या बहिणीचे कॉलेज जाते. अभ्यासिका तिच्यासाठीही आहे. एक कोपरा, तेरा दिवस, आणि विजेचे पैसे तो देईल. ते मानले. शिवाय आम्ही एक वही टांगली: तारीख, वेळ, तापमान, गुरुत्व, अमोनिया, मासा खातो का, शेरा. दहावीच्या दोन मुलींनी ती वही भरायचे काम मागून घेतले. त्यांतली एक गणितात कच्ची. चौथ्या दिवशी तिने लिटरचे आणि ग्रॅमचे त्रैराशिक आमच्याआधी सोडवले.

नुकसानही झाले. गच्चीवर वापरलेले खारे पाणी कुणीतरी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतले, ती कुंडी वाळली. खारे पाणी मोरीतच ओतावे. आणि पाचव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, निळा टँग मेला. वहीत आदल्या दिवशी नोंद होती: "टँग खात नाही. श्वास जोरात." त्याचे कल्ले आधीच खराब झाले होते. अंगावरचे ठिपके आपल्याला दिसतात, कल्ल्यांतले दिसत नाहीत. पोरगा त्या दिवशी कामावर गेला नाही. आम्ही त्याला म्हटले, "पाचांतले चार शिल्लक आहेत. उद्याचे नाही, परवाचे पाणी तयार करायचे आहे. ऊठ."

तो उठला. तेराव्या दिवशी दोन क्लाउन आणि दोन डॅमसेल स्वच्छ टाकीत गेले. अंगावर एक ठिपका नाही. वहीत मुलीने शेरा लिहिला, "चौघेही खातात."

इथे एक इशारा दिला पाहिजे, नाहीतर हे वाचून कुणी प्रत्येक रोगाला हाच उपाय करील. मिठाच्या कणासारखे वेगवेगळे मोजता येणारे ठिपके असतील तर हा रोग. पण अंगावर बारीक सोनेरी धुळीसारखी पूड दिसत असेल, मासा उजेड टाळत असेल, पंपाच्या प्रवाहात तोंड खुपसून धापा टाकत असेल, तर तो मखमली रोग. तो एक-दोन दिवसांत मारतो आणि नुसत्या टब बदलण्याने जात नाही. तिथे तांबेच लागते. क्लाउन माशाच्या अंगावरून पांढरा शेंबडासारखा थर सुटत असेल तर तो तिसराच रोग, त्यावर फॉर्मलिनचा उपचार जाणकाराकडून करून घ्यावा.

तांबे वापरायचेच झाले तर तेही उघड्या तळाच्या टबातच, आणि किटने रोज मोजून. बाजारात तांबे दोन तऱ्हेचे मिळते. साध्या तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. बांधीव तांब्याची, म्हणजे चिलेटेड म्हणून विकतात त्याची, १.५ ते २.५ मिलिग्रॅम. दहापट फरक! एकाचे माप दुसऱ्याला लावले तर एकीकडे मासा मरतो आणि दुसरीकडे रोग मरत नाही. बाटलीवरचे वाचावे, किटही त्याच जातीचे घ्यावे, मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवावी आणि महिनाभर टिकवावी. कोळशाची जाळी काढून ठेवावी, ती औषध शोषते. आणि अमोनिया बांधणारे औषध तांब्याबरोबर वापरू नये. दोन्ही मिळून विषारी होऊ शकतात.

मासे बरे झाले, पण दवाखान्यातल्या टाकीत कवचे होतीच. ती टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची असते, म्हणजे शेवटचे कवचही फुटून उपाशी मरते. झिंगे आणि खेकडे तिथेच राहतात, त्यांना हा रोग होत नाही. डॉक्टरीणबाई चिडल्या. रिकाम्या टाकीचे पैसे कशाला? पोराने वाद घातला नाही. आमची वही नेऊन त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी पाने उलटली. त्यांच्या धंद्यातही हत्यारे निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडात घालत नाहीत. त्या म्हणाल्या, "हे तू लिहिलंस?" तो म्हणाला, "आमच्या अभ्यासिकेतल्या मुलींनी." टँगचे अर्धे पैसे बाईंनी कापले, अर्धे सोडले. काम मात्र त्याच्याकडेच राहिले. टाकीच्या काचेवर त्याने कागद लावला: 'मासे उपचार घेत आहेत.' दात दुखणारी पोरे म्हणे तो कागद वाचून विचारत, मासे कधी येणार?

७७ व्या दिवशी मासे आले.

खरी चूक कुठे झाली ते पोराने स्वतःच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे. नवा मासा थेट टाकीत सोडला, ती चूक. तोच मासा आधी महिनाभर वेगळ्या भांड्यात ठेवला असता तर ना डॅमसेल गेला असता, ना टँग, ना आमची झोप. आग लागल्यावर विहीर खणायला घेतली. खणली आणि पाणी लागले, हे नशीब. दर वेळी लागेलच असे नाही.

आता त्याने दोन टब, एक पंप, एक हीटर, पाइपचे तुकडे आणि पाच किलो मीठ एका खोक्यात कोरडे बांधून माळ्यावर ठेवले आहे. वर कागद चिकटवला आहे, '६० लिटर = २,१६० ग्रॅम.' कुठल्याही ग्राहकाने नवा मासा मागितला तर तो सांगतो, मासा महिनाभर माझ्याकडे राहील, त्याचे पैसे वेगळे, मान्य असेल तर आणतो. पहिल्यांदा हे सांगताना त्याची जीभ अडखळली. ग्राहक जाईल, अशी भीती. दोन ग्राहक गेले. बाकीचे राहिले.

तुमच्या घरात मासे नसतील. पण वस्तीतली पुष्कळ मुले आज दुसऱ्यांच्या टाक्या, दुसऱ्यांची झाडे, दुसऱ्यांची यंत्रे सांभाळून पोट भरतात. मालकाची घाई आणि आपली भीती, या दोहोंच्या मध्ये ही पोरे सापडतात आणि हातातली बाटली ओतून मोकळी होतात. तेव्हा रात्री साडेदहाला कुणी दार वाजवले तर किल्ली द्या, वजनकाटा द्या, आणि वहीचे एक कोरे पान द्या. आमचे पान अजून अभ्यासिकेत टांगलेले आहे. ज्याला हवे त्याने येऊन उतरवून घ्यावे.